अर्धवट गेममधली शेळी

मी शेळी बोलतेय. रानात चरणारी नव्हे हो, संगणकावरच्या गेममधली. परवापर्यंत अडीच वर्षं एकाच खोलीत कोंडलेली होते.

गेम असा, की डोंगरावर माझं करडू अडकलंय आणि सात खोल्या ओलांडून मला ते गाठायचंय. पहिल्या खोलीपासूनच त्याचं ओरडणं ऐकू येतं. जीव नुसता कासावीस होतो. पण दार उघडलं की पुढे सगळा काळोख. दुसरी खोली बनलेलीच नव्हती!

मला बनवणारी बाई दातांच्या कवळ्या करते. लॅबमध्ये दिवसभर एकेक दात घासत बसायचं, हिरडीला जराही टोचता कामा नये. हाताला तीच खोड लागलीय. सकाळी कामावर जाण्याआधी तासभर माझ्यापाशी बसते. माझी शिंगं अकरा वेळा बदलली. एकदा तर "आता सगळं पहिल्यापासून नीट करते" म्हणून मला अख्खी पुसून पुन्हा काढली. झालं काय, तर तीच मी, फक्त दाढी वाढलेली.

सुरुवातीला ती काम करताना गुणगुणायची. हल्ली येते, सुस्कारा सोडते, दाढीचा एक केस इकडचा तिकडे करते आणि उठते. कधी कधी तर महिना महिना फिरकत नाही.

परवा रविवारी तिचे वडील चहा घेऊन आले. तोंडात लेकीच्याच हातची कवळी.

"दे बघू, मी खेळतो."

"बाबा, अजून दाखवण्यासारखं काही नाहीये."

त्यांनी ऐकलं नाही. मला दारापर्यंत चालवत नेलं. "पुढे?"

"पुढचं व्हायचंय."

"अगं, माझी कवळी करताना आधी मेणावर दात बसवून बघितले होतेस ना? काय ध्यान दिसत होतं! हसलो तर गळूनच पडली. पण कुठे काय हवंय ते त्यावरूनच कळलं. मग हिच्या खोल्याही आधी तशाच मेणाच्या का करत नाहीस?"

ती हळूच म्हणाली, "सगळं पूर्ण केलं आणि कुणालाच आवडलं नाही तर?"

"मला आत्ताही फारसं आवडलेलं नाही. पण ते पिल्लू मघापासून ओरडतंय. पुढची खोली दे."

तिला हसूच आलं. जेवणाच्या वेळेपर्यंत तिने राखाडी ठोकळ्यांच्या तीन खोल्या उभ्या केल्या. ना गवत, ना आभाळ. मी बाहेर पडले हो! ठोकळ्याला अडखळले, एका भिंतीतून आरपार गेले. बापलेक पोट धरून हसले. करडाचा आवाज पहिल्यांदाच जवळून आला.

आता मी चौथ्या खोलीत उभी आहे. हिला पुढचं दारच नाही. आज सकाळी बाई आली आणि दुसऱ्या खोलीतल्या गवतासाठी हिरवा रंग निवडत बसली.

बाई गं, गवत राहू दे. शेळी असून सांगतेय! मला दार दे आणि वर करडू काढ. अजून ते काढलेलंच नाहीस तू, नुसता आवाज ठेवलायस. वेडंवाकडं चालेल. काड्यांचे चार पाय काढलेस, तरी मी त्याला ओळखीन.