उशीची दोन इंच चरबी

"हात वर! पोट विसरा! टाळ्या!"

पोट उतरवून देणाऱ्या मॅडमनी असा पुकारा केला की अख्खा हॉल हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवायचा. स्टेजवर एक गोलमटोल गृहस्थ उभा, त्याचेही हात वर, आणि पोटाभोवती मॅडमची टेप.

"दोन इंच गायब! अर्ध्या तासात!"

गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी. पहिल्या रांगेतल्या एक काकू तर मशीनकडे बघून चक्क हात जोडत होत्या. मशीन म्हणजे काय, तर निळा दिवा लावलेला पांढरा डबा आणि त्यातून निघालेला रुंद पट्टा. तो पोटाला गुंडाळायचा, तोही कपड्यांवरूनच. सुरी नाही, टाका नाही, खाताना जिभेवर ताबाही ठेवायला नको.

"चरबी म्हणजे काय हो?" मॅडम माइकवरून विचारायच्या आणि स्वतःच सांगायच्या, "चरबी म्हणजे साठलेलं दुःख! आमच्या लहरी त्या दुःखाला थंडी भरवतात. दुःख कुडकुडतं आणि घामावाटे पळून जातं!"

थंडी भरली की घाम कसा येतो, हे विचारायला मी मागच्या रांगेतून तोंड उघडलं, तेवढ्यात ताईनं चिमटा काढला. "गप बस. इथे तरी माकडचेष्टा नकोत."

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. एका मोठ्या दुकानात पुढच्या काउंटरवर असायची. गिऱ्हाईक रागावून आलं तरी हसत परत जायचं, अशी तिची जीभ. मग नवा मॅनेजर आला. म्हणाला, "तुम्ही मागे गोदामात बसा. पुढे जरा फ्रेश चेहरे हवेत." चेहऱ्याचं निमित्त होतं, नजर पोटावर होती, हे ताईला कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती इथे यायला लागली.

आणि गंमत बघा, ती खरंच बारीक झाली. बाकीच्यांचे इंच टेपवरच जायचे, ताईचे मात्र कपडे ढगळ व्हायला लागले. मॅडमनी तिचा फोटो दारावर लावला. मॅनेजरनं तिला पुन्हा काउंटरवर बसवलं.

फक्त ती पाणी प्यायची ते घोटाघोटानं नाही, बाटलीबाटलीनं.

"ताई, उंट झालीस का गं?"

"मॅडम म्हणतात, दुःख धुऊन निघतंय."

"आणि तुझ्या डायबिटीसच्या गोळ्या?"

"बंद केल्या. त्यांनी चरबी चिकटून राहते म्हणे."

माझं हसू तिथेच आटलं. समजावून पाहिलं, भांडून पाहिलं. ऐकेना. मग म्हटलं, आपल्याला जे येतं तेच करू.

हौशी नाटकात ढेरपोट्या सासऱ्याचं काम नेहमी माझ्याच गळ्यात. त्यासाठी सोफ्याची एक उशी मी शर्टाच्या आत बांधतो. पुढच्या वेळी तीच बांधून सरळ स्टेजवर गेलो. मागच्या रांगेतल्या भावाकडे कोण बघतं? मॅडमनी ओळखलं नाही. ताईनं ओळखलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हात खाली, खांदे सैल, श्वास सोडा," मॅडम म्हणाल्या. बेंबीवरून टेप फिरली, अगदी सैल. मग अर्धा तास पट्टा. उशीला लहरी मिळाल्या, मला डुलकी. मग आलाच पुकारा, "हात वर! पोट विसरा! टाळ्या!" या खेपेला टेप दोन बोटं वर होती आणि अशी आवळली की उशी बिचारी दबून गेली.

"दोन इंच!"

मी शर्टाची बटणं काढली, उशी बाहेर ओढली आणि डोक्यावर धरली. "घ्या! उशीची दोन इंच चरबी वितळली. कापसाला केवढं दुःख होतं बघा!"

टाळ्या थांबल्या. मी संधी साधली. "आधी मोजतात ते हात खाली, श्वास बाहेर, टेप सैल. नंतर हात वर. हात वर केले की कुणाचंही पोट आत जातं. टेप वर सरकते, आवळली जाते, आणि तुम्ही टाळ्या वाजवण्यात दंग!" त्याच गोलमटोल गृहस्थाला वर ओढलं, हात खाली ठेवायला लावले, टेप बेंबीवरून सैल धरली. गेलेले दोन्ही इंच घरी परत.

मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "अगंबाई! कापसावर चालतं, मग माणसावर किती चालत असेल!"

मॅडमनी तो झेल सोडला नाही. "ऐकलंत? निर्जीव उशी, तिलाही गुण आला! आणि टेप खोटी म्हणता? ठीक. मग ह्या ताईंकडे बघा. ह्या पण उशीच का?"

सगळ्यांनी ताईकडे बघितलं. गळ्याची हाडं वर आलेली, गाल बसलेले. टाळ्यांनी हॉल दणाणला. ताईनं हात वर केले. मी उशी घेऊन उभा.

दुसऱ्या दिवशी तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "हे मशीनचं काम नाही, तुमच्या आजाराचं आहे. गोळ्या थांबल्या, साखर रक्तात साठली, पण शरीराला ती वापरता येत नाही. ती लघवीतून वाहून जाते, म्हणून ही तहान. आणि उपाशी शरीर स्वतःचीच चरबी, स्वतःचेच स्नायू खातंय. असंच चाललं तर डोळे जातील, किडन्या जातील, नाहीतर एक दिवस काउंटरवरच कोसळाल."

ताईनं नीट ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर विचारलं, "गोळ्या घेतल्या की वजन परत वाढेल?"

"थोडं वाढेलही. पण जगशील तरी!"

"गोदामात जगेन," ताई म्हणाली.

मी शेजारच्या औषधाच्या दुकानात शिरलो आणि गोळ्यांची पहिली पट्टी विकत घेतली.

आता मी अधूनमधून गिऱ्हाईक बनून तिच्या दुकानात जातो. "काय देऊ, साहेब?" ती गोड आवाजात विचारते. मी गोळ्यांची पट्टी काउंटरवर सरकवतो. ती खण उघडते. आत माझ्याच आधीच्या पट्ट्या, एकही गोळी न काढलेली. खण बंद. ती बाटली तोंडाला लावते. माझ्यामागची बाई विचारते, "अय्या, तुम्ही कशा हो एवढ्या बारीक झालात?" आणि ताई हसून तिला त्या हॉलचा पत्ता सांगते.

म्हणून, माझ्या बहिणीला जे पटवता आलं नाही, ते तुम्हाला सांगतो. कुणी हात वर करायला लावले तर खाली ठेवा आणि टेप कुठे धरलीय ते बघा. आणि घरातलं माणूस काही न करता बारीक व्हायला लागलं, तर टाळ्या वाजवू नका. आधी त्याचं रक्त तपासून घ्या.