आयतोबा

“भाऊजी, पोटावर झोपा. उभ्याने नाही दिसायचं,” मेहुणी म्हणाली.

“या वयात?”

“ताई झोपायची ना!”

झोपलो. नाकात पाचोळा गेला. दिसलं काहीच नाही.

गावच्या पाण्याचा पंप मी चालवायचो, त्या पंपाच्या खोलीमागे रान आहे. तिथल्या जुन्या झाडांखाली माझ्या बायकोला हे ऑर्किड सापडलं होतं. त्याला पान म्हणून नाही. वर्षभर जमिनीत असतं, आठवडाभर एक काडी वर काढतं, फुलतं आणि परत गडप. बायको रोपवाटिकेत कामाला होती, तिला यातलं कळायचं. कुजक्या पाचोळ्यातली बुरशी त्याला पोसते, म्हणून तिने नाव ठेवलं आयतोबा. “एक रानात, एक घरात,” असं येईल त्याला सांगायची. मी दिवसभर गावाला पाणी सोडायचो, पण घरी मला पाण्याचा पेलाही हातात लागायचा.

काम एकच यायचं, झाडू मारणं. तीन वर्षांपूर्वी तिला खूश करायला मी ही जागा लख्ख झाडून काढली. पाचोळा पार लांब नेऊन टाकला. ती आली, बघितलं आणि उघड्या मातीवर हात फिरवला.

“अहो, त्याच्या पुढ्यातलं ताट उचललंत!”

पुढची दोन वर्षं काडी आली नाही. त्यावरून ती कधी रागावली नाही, तेच जास्त लागलं. मग आजारपण आलं. शेवटी म्हणाली, “पाचोळा टाकत जा. आला, तर मी विचारलंय म्हणून सांगा.”

ती गेल्यापासून दर रविवारी पोतंभर टाकतोय.

“उठा, जेवून घेऊ,” मेहुणी म्हणाली. मी कुशीवर होऊन डबा पुढे केला.

“कोणी केलंय?”

“मी.”

तिने घास घेतला. “मीठ विसरलात.”

“खा गुपचूप.”

ती हसली आणि एकदम थांबली. “भाऊजी, हलू नका. कोपराजवळ.”

मातकट काडी. वर चार फुलं, वांग्याच्या रंगाची. आणखी दोन बोटं सरकलो असतो तर मोडलीच असती.

“तिने विचारलंय रे,” मी म्हणालो. मेहुणी उगाच डब्याचं झाकण पुसत बसली.

घरी आल्यावर सदरा काढला, तर एक वाळकं पान फरशीवर पडलं. सवयीने झाडू उचलला. मग परत कोपऱ्यात ठेवला.