चवीपुरती चटणी

“बयाबाई, चटणी आहे ती, तीर्थ नाही! हातावर ठेवा,” स्वप्नामॅडम म्हणाल्या आणि अख्खा वर्ग खदाखदा हसला.

साताऱ्यातल्या महिला उद्योग वर्गात त्या दिवशी ‘गिऱ्हाइकाला चव कशी द्यावी’ हा धडा होता. बयाबाईने चमचाभर जवसाची चटणी वीतभर उंचावरून मॅडमच्या तळव्यावर सोडली, आणि निम्मी त्यांच्या पदरावर सांडली. बयाबाईही हसली. पुन्हा करून दाखवायला गेली, तर हात पुन्हा तेवढ्याच उंचीवर थांबला.

ती तो मुद्दाम उंच धरत नव्हती. लहानपणापासून दुसऱ्याच्या दारात जे मिळालं ते वरूनच पडलेलं. पाणी, भाकरी, सणाचं गोडधोड. देणं म्हणजे असंच, हे हाताने परस्पर शिकून घेतलं होतं. छप्पन्न साली घरातले देव गेले, भिंतीवर बाबासाहेब आले. हात तेवढा राहून गेला.

शेजारी बसणाऱ्या लीलाबाईला, फौजीच्या बायकोला, त्या उंच हाताचं कारण मात्र ध्यानात आलं. चहाच्या सुट्टीत तळवा पुढे करून म्हणाली, “हं, ठेव. न्हाई ठेवलीस तर चावीन.”

“तुझी सासू तुला का भ्येती ते आज कळालं,” बयाबाई म्हणाली. आणि ठेवली.

बाकीचं तिला पटकन उमजलं. जवस जवळच्याच रानातलं घ्यायचं, प्लॅस्टिकऐवजी पळसाच्या पानात बांधायचं, खपेल तेवढंच कुटायचं. काही वाया जात नाही आणि धंदा टिकतो. तो टिकला तर दुसऱ्याच्या रानात खुरपं धरायला जायचं नाही, एवढंच तिने मनाशी ठरवलं होतं.

शेवटचा धडा रहिमतपूरच्या आठवडी बाजारात. छत्रीखाली माल मांडून तिने पुठ्ठा टांगला: ‘बयाबाई कांबळे, जवसाची चटणी.’

“नुसतं घरगुती चटणी लिव की,” लीलाबाई हळूच म्हणाली. “लोक आडनाव वाचत्यात गं.”

“वाचू देत. चांगली झाली तर कुणाची म्हणून सांगतील?”

लोक खरंच वाचायचे आणि पुढे जायचे. ऊन चढलं तेव्हा गावचे लालासाहेब, सगळ्यांचे तात्या, थांबले. त्यांच्या उसात बयाबाईने निम्मं आयुष्य खुरपलं होतं, आणि त्यांच्या घरचं पाणी कायम ओंजळीतच प्यायलं होतं.

“चव तर बघू दे, बये.” त्यांनी तळवा पुढे केला.

चमचा उंचावर अडला. मग बयाबाईने हात खाली नेला आणि चटणी नीट तळव्यावर ठेवली. बोटं टेकली.

लालासाहेबांनी तळव्याकडे बघितलं. मग चाटून म्हणाले, “मीठ कमी हाय.”

“कमी न्हाई, तात्या. तपकिरीनं तुमची जीभ गेलीया.”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. आजवर या माणसापुढे ‘व्हय’शिवाय दुसरा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

लालासाहेबांना हसताना ठसका लागला. “लय शिकलीस की गं साताऱ्याला! बांध एक पुडी.”

पुडी घरी नेऊन म्हशीपुढे टाकतील का, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण लालासाहेब घरी गेलेच नाहीत. छत्रीच्या सावलीत पोत्यावर टेकले, धडप्यात बांधलेली भाकरी काढली आणि पुडी सोडली.

बयाबाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मुद्दामच तिकडे बघितलं नाही. कान मात्र तिकडेच होते, भाकरी मोडल्याच्या आवाजाकडे.