मला जपू नका

मी बॅट बोलतेय. नाही हो, क्रिकेटची नाही! मराठी माणूस पहिल्यांदा तिथेच अडकतो. मी बेसबॉलची बॅट. अंगाने गोल, डोक्याकडे जाड, मुठीकडे बारीक. मुक्काम पोस्ट बॉन, जर्मनी. दुसरा मजला, चपलांच्या कपाटाशेजारचा कोपरा. आणि आधीच सांगून ठेवते, मला स्वस्थ बसता येत नाही. कोपऱ्यात उभं केलं की अंगाला मुंग्या येतात. गोष्टसुद्धा मी धड सांगेन याची खात्री नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म इथल्या दक्षिणेकडच्या जंगलातला. अ‍ॅश नावाचं चिवट लाकडाचं झाड असतं, त्याची मी लेक. एका छोट्या कारखान्यात मला लेथवर चढवलं आणि भोवऱ्यासारखं गरगर फिरवलं. बनवणाऱ्या आजोबांनी मला कानाशी धरून बोटाने टकटक वाजवून बघितलं, बाजारात माठ घेताना बघतात ना, तसं. आवाज आवडला तेव्हा हसले. तेवढंच काय ते कौतुक. लगेच खोक्यात.

पहिला मालक विद्यापीठातला एक दांडगोबा. आउट झाला की राग माझ्यावर. जमिनीवर आपट, जाळीवर फेक, एकदा तर मेल्याने लाथेने बाकाखाली ढकललं. पण मारायचा तेव्हा जीव तोडून मारायचा. चेंडू बरोब्बर माझ्या पोटावर बसला की जो आवाज यायचा, त्यासाठी मी त्याचे सगळे गुन्हे माफ केले असते. पुढे त्याला हॅम्बर्गला नोकरी लागली. जाताना संघातल्या एका मित्राच्या हातात मला देऊन गेला. तो मित्र म्हणजे धम्मपाल.

धम्मपाल नागपूरचा. इथल्या एका टेलिकॉम कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. लहानपणी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळलेला. ऑफिसातल्या कोणीतरी ओढून नेलं म्हणून बेसबॉल खेळायला लागला आणि पहिल्याच मोसमात त्याने धुमाकूळ घातला. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा घेऊन येतो, इथे तो थेट अंगावर येतो. चेंडू टाकणारे पिचर त्याला गुडघ्याशी टाकायचे आणि हा खालून उचलून पार कुंपणाबाहेर भिरकावायचा. राइनकाठच्या मैदानावर सगळे "डाम्मा! डाम्मा!" ओरडायचे. ऑफिसात तो 'हेर मेश्राम', म्हणजे श्रीयुत मेश्राम, शेजारपाजारीही 'हेर मेश्राम'. घराबाहेर त्याला कोणी नावाने हाक मारावी अशी अख्ख्या जर्मनीत ही एकच जागा होती.

दुसऱ्या मोसमात पिचर शहाणे झाले. त्यांनी चेंडू वर, छातीशी, अगदी अंगालगत टाकायला सुरुवात केली. झालं! धम्माचे हात आखडले. तीनदा चुकला की आउट हा इथला नियम, आणि तो पुन्हापुन्हा मान खाली घालून परत यायला लागला. त्याला कोणी टोचून बोललं नाही, पण "डाम्मा" ओरडणं मात्र बंद झालं.

होल्गर त्यांचा कोच. दाढीवाला, मोजकं बोलणारा. बॅट फिरवायच्या पद्धतीला हे लोक स्विंग म्हणतात. एका शनिवारी होल्गर म्हणाला, "आल्झो, तर मग डाम्मा, तुझा स्विंग मुळापासून बदलू. मोसम संपेपर्यंत जमला तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी तू दुसऱ्या संघात."

दुसरा संघ म्हणजे गुडघे गेलेले काका आणि सहलीला आल्यासारखी येणारी मंडळी. धम्मा घरी आला आणि अरुणाला, म्हणजे बायकोला, म्हणाला, "काढणार बहुतेक मला." त्या दिवशी धड जेवलासुद्धा नाही.

मग अभ्यास सुरू झाला. पाय जवळ, हात कानापाशी, कोपर अंगाला, आधी कंबर फिरव, मग बॅट. "आणि डुर्शत्सीएन!" होल्गर ओरडायचा. म्हणजे मध्येच थांबू नकोस, पार शेवटपर्यंत ओढ. धम्मा मला आरशासमोर फिरवायचा, बाल्कनीत फिरवायचा. एकदा दिवाणखान्यातला दिवा फुटला तेव्हा अरुणा वैतागली, "धम्मा, घरात नको ना रे!"

सरावाच्या जाळीत सगळं छान जमायचं. सामन्यात चेंडू अंगालगत आला की पहिले पाढे पंचावन्न. डोळ्यांचा दोष असेल म्हणून तो डोळे तपासून आला. डोळे ठणठणीत. होल्गरला वाटायचं, पाय चुकतात.

अहो, पाय कसले चुकतात! कारण मला ठाऊक होतं, मी त्याच्या हातात होते ना. अंगालगतचा चेंडू नेमका माझ्या बारीक मुठीपाशी लागतो, आणि लाकडी बॅट तुटते ती तिथेच. संघातल्या एकाची तशी तुटलेली धम्माने पाहिली होती. म्हणून शेवटच्या क्षणी त्याची पकड ढिली पडायची. चेंडू सोडून तो मला सांभाळत बसायचा. सामना संपला की मला उजेडात धरून, बोट फिरवून तडा शोधायचा. आणि चेंडू मारल्यावर बॅट टाकून पळायचं असतं, चेंडूच्या आधी पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या थांब्यावर, पोचायचं असतं, तर हा वाकून मला हळूच गवतावर निजवायचा आणि मग पळायचा! मला तोंड असतं तर ओरडले असते, "अरे बाबा, मी काचेची नाही!" नुसता जीव तडफडायचा माझा.

हे त्याच्यात कुठून आलं, ते त्याचे वडील आल्यावर कळलं.

दादाराव तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांचा जन्म गेलेला. घरात शिरले, जय भीम झाला, चहा झाला आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "हे आपल्या धम्माचं हत्यार काय?" त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मला मांडीवर घेऊन खोबरेल तेल चोळायचे. खोबरेल! मला काय वेण्या घालायच्या होत्या? सरावात मी धम्माच्या हातून सटकायला लागले. पण म्हाताऱ्याचे हात इतके मायेचे की रागावताही येईना. "हत्याराला जपलं की हत्यार आपल्याला जपते," असं ते म्हणायचे. धम्माच्या लहानपणी त्यांच्या घरात साधा पान्हासुद्धा कोणी टाकत नसे. चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा, आणि फेकला तर धपाटा ठरलेला.

एका शनिवारी ते सुनेबरोबर सराव बघायला आले. होल्गरला त्यांनी जय भीम केला, त्यानेही तो तसाच परत केला. धम्माने चेंडू मारला, मला निजवलं आणि पळाला. होल्गर हसत काहीतरी बोलला.

"काय म्हणते तो?" दादारावांनी विचारलं.

अरुणा जरा घुटमळली. "बाबा, तो विचारतोय, बॅट झोपली का म्हणून. इथे मारल्यावर बॅट फेकून पळायचं असतं. धम्मा ती नीट ठेवत बसतो आणि तेवढ्यात आउट होतो."

"मग फेकत काहून नाही?"

"आता ते तुम्हीच विचारा त्याला."

त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन बसले, मला मांडीवर घेतलं, झाकण उघडलं, पण तेल काही हातावर घेतलं नाही. धम्मा समोरच होता.

शेवटी म्हणाले, "आमच्या वर्कशॉपात एक हत्यार मोडलं की दुसरं लवकर मिळत नसे, बाप्पा. म्हणून तुला जपायला शिकवलं. वापरायला शिकवायचं राहूनच गेलं."

"तसं नाही, बाबा. सवय आहे. हात ऐकत नाही."

दादारावांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "आज तेल नको," म्हणाले आणि मला कोपऱ्यात ठेवून दिलं.

शेवटचा सामना सप्टेंबरात. ढगाळ हवा, नदीवरून गार वारा. धम्माला घेतलं होतं, पण फलंदाजीला सगळ्यांत शेवटी. पहिल्या खेपेला तीनदा चुकला आणि परत. दुसऱ्या खेपेला चेंडू लागला, घरंगळत गेला. याने वाकून मला निजवलं आणि पहिल्या बेसवर एका पावलाने आउट! जाळीमागे दादारावांनी कपाळावर हात मारला. मला तर वाटलं, ह्याच्यापेक्षा त्या दांडगोबाच्या लाथा बऱ्या.

धम्माची शेवटची खेप आली तेव्हा सामना बरोबरीत होता. आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर उभा, जिंकायला त्याची एक धाव पुरे. पण दोन जण आउट झालेले, तिसरा झाला की डाव खलास. आता धम्मा पहिल्या बेसवर वेळेत पोचला तरच ती धाव धरणार, नाहीतर गेली. होल्गर हाताची घडी घालून उभा होता.

पहिला चेंडू अंगालगत. चुकला. दुसरा तसाच. चुकला.

धम्माने मला पुन्हा कानापाशी उचललं. तिसरा चेंडू आला, वर, छातीशी. मी त्या ढिल्या पकडीची वाट बघत होते. ती आलीच नाही. उलट बोटं आवळली गेली, कंबर फिरली आणि त्याने मला पार शेवटपर्यंत ओढलं. आई गं! मुठीपाशी कडाड् झालं आणि माझे दोन तुकडे झाले. जाड अंग भिरभिरत गवतात, मूठ त्याच्या हातात. दुखलं का म्हणाल, तर दुखलं की. पण इतकं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं.

चेंडू काही कुंपणापार गेला नाही. लटपटत पिचरच्या डोक्यावरून गेला आणि मागे गवतात पडला. त्यांचा गडी चेंडूकडे झेपावला. इकडे धम्मा दोन पावलं पळाला आणि थबकला. त्याने हातातल्या मुठीकडे पाहिलं आणि सवयीने वाकायला लागला. खरंच सांगते, तो तुटका तुकडा नीट खाली ठेवायला वाकायला लागला!

"फेक!" जाळीमागून आवाज आला. "फेक रे धम्मा, फेक!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. फेकलेल्या पान्ह्यापायी पोराला धपाटे घालणारा तो माणूस दोन्ही हातांनी जाळी धरून, घसा फाटेस्तोवर ओरडत होता. धम्माने मला फेकलं. मागे न बघता फेकलं आणि धूम ठोकली. त्याचा पाय आणि चेंडू एकदमच पोचले असं वाटलं. पंचाने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ!

मी गवतात पडल्या पडल्या ऐकत होते. "डाम्मा! डाम्मा!"

"गेनाऊ! अगदी असंच!" म्हणत होल्गरने त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या वर्षीही तो पहिल्या संघातच राहणार. पण लगेच पुढे म्हणाला, "एका चेंडूने स्विंग होत नाही. हिवाळाभर सरावाला ये." खरंच आहे त्याचं. नव्या स्विंगने धम्मा पुन्हा पूर्वीसारखा खेळेल का, ते कोण सांगणार? पिचर दुसरं काहीतरी शोधून काढतीलच. माझा जीव अजून त्यातच अडकलाय.

दादारावांना मला फेविकॉल लावून, स्क्रू मारून जोडायचं होतं. "राहू द्या, बाबा," धम्मा म्हणाला. आता मी दोन तुकड्यांत त्याच कोपऱ्यात असते आणि शेजारी नवी बॅट. कोवळी पोर, अंगावर एक ओरखडा नाही, नाक मात्र वर! तिला मी रोज सांगते, घाबरू नकोस, तुटायचं तेव्हा तूही तुटशील, पण मैदानात. तुमच्याही घरी असेल ना काहीतरी, कपाटात जपून ठेवलेलं? पाहुण्यांसाठीचे कप, घडी न मोडलेली साडी? काढा हो ते बाहेर. त्यांच्या अंगाला येणाऱ्या मुंग्या मला ठाऊक आहेत.

काल दादाराव परत नागपूरला निघाले. खाली टॅक्सी उभी होती. बूट घालायला माझ्याशेजारी बसले आणि पिशवीतून तेलाची बाटली काढली. माझ्या दोन्ही तुकड्यांना हलक्या हाताने तेल लावलं. म्हटलं, लावा आता, मला कुठे जायचंय. मग त्यांचा हात नव्या बॅटकडे गेला, जरा थांबला आणि मागे आला.

धम्मा बॅगा खाली ठेवून वर आला होता. दादाराव उठून दारात आले.

"जपून खेळ बरं," दादाराव म्हणाले आणि जिना उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरून थांबले. मान वर करून म्हणाले,

"जपून नको. खेळ."