हिंगाची धुरी खाल्लेली बरणी

मित्रांनो, मी चिनी मातीची जुनी बरणी. वर तपकिरी, खाली पांढरी, आणि तोंडाचा एक टवका उडालेला. त्याची मला लाज वाटत नाही.

धुरपदाबाईंनी मला उमरग्याच्या बाजारातून आणले, त्याला चाळीस वर्षे झाली. दर उन्हाळ्यात त्या मला घासून वाळवत, निखाऱ्यावर हिंग टाकून धुरी देत आणि मग लोणचे भरत. पुढे लोणचे विकतचे आले. मी माळ्यावर गेले.

यंदा त्यांच्या यजमानांनी, श्रीमंतरावांनी, मला खाली उतरवले. ते आणि त्यांचे मित्र नंदीश दर दिवाळीला एका काळ्या बिअरची एकच बाटली वाटून घेत. कंपनीने ती बिअर बंद केली. आता नंदीश कायमचे लेकीकडे नागपूरला निघाले होते. त्याआधी ती चव त्यांच्यापुढे ठेवायची, एवढाच श्रीमंतरावांचा हट्ट.

त्यांनी ज्वारीला मोड आणून वाळवले. त्यातले मूठभर तव्यावर काळेभोर भाजले. सगळे भरडून पाण्यात मुरवले, बिअरसाठी मागवलेली हॉप्सची कडू फुले घालून उकळले, गाळले. निवल्यावर खमीर घातले. पण ते माझ्यात ओतण्याआधी धुरपदाबाईंनी सवयीने मला धुरी दिली होती.

"अवो, धुरीबगर बरणीत काय बी भरू न्हाय."

तीन आठवड्यांनी श्रीमंतरावांनी घोट घेतला.

"धुरपदा, ही बिअर हाय का सार?"

"मग भातावर घ्या."

ते हसले नाहीत. नंदीश दुसऱ्याच दिवशी निघणार होते. पुन्हा करायला वेळ नव्हता. ती बिअर ओतून टाकायला त्यांनी मला मोरीपर्यंत नेले. मी काही हलकी नव्हते. त्यांची कंबर दुखली आणि मी तशीच भरलेली तिथे राहिले.

सकाळी नंदीश निरोप घ्यायला आले. श्रीमंतराव माझ्यापुढे आडवे येऊन उभे राहिले. धुरपदाबाईंनी त्यांना बाजूला सारून पेला भरला.

नंदीश हळूहळू प्याले.

"ही ती न्हाय, श्रीमंत."

"ठावं हाय."

"तिच्यात हिंग कुठं हुता?" त्यांनी पेला पुन्हा पुढे केला. "वत. नागपुरात ती बी न्हाय, न् ही बी मिळायची न्हाय."

श्रीमंतरावांनी स्वतःच्या हाताने ओतले.

मित्रांनो, मला घासा, उन्हात ठेवा, टवक्यापासून बोट जपा. पण कंपनीच्या बाटलीसारखी मला बिनवासाची करू पाहू नका. चाळीस वर्षांची धुरी आहे. ती मी धुवू देणार नाही.