गोमाजीची चाल

अठ्ठ्याहत्तर सालच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, भर दुपारी, दिघोरीच्या मैदानात परसरामाच्या खड्या गमतीपुढे वीस रांगा होत्या. रांगेत तेरा-चौदा माणसं, म्हणजे पावणेतीनशेच्या आतबाहेर. बैलगाड्यांवर उभे असलेले अकरा वेगळे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लाखनीची पार्टी होती, तिच्यापुढे दीडशे.

खडी गंमत म्हणजे पडदा नाही, आडोसा नाही. उभ्याउभ्या लोकांना हसवायचं. ज्याचा हशा मोठा, त्याच्याकडे माणसं सरकतात, आणि पुढच्या साली गाव त्यालाच बोलावतं. दोन सालांपासून परसरामापुढची माणसं पलीकडे सरकत होती. लुगडं नेसून त्याच्यासोबत नाचणाऱ्या नत्थूने सकाळीच सांगून टाकलं होतं, "दादा, आज नाही जमलं त मी लाखनीवाल्याईसंग जातो. मलेही घर हाये."

नत्थू गेला की उरणार एक ढोलकीवाला आणि म्हातारा परसराम.

गावात पोचलं की परसराम आधी चहाच्या टपरीवर बसे. कोण रुसलं, कोणाचा बैल हरवला, सगळं विचारून घेई आणि त्या माणसांना गमतीत ओढी. आज नाकाडोंगरीहून येताना एस.टी. रखडली, टपरी राहून गेली. पण दिघोरीत विचारायचं तरी काय? इथे गोमाजी होता. धानाच्या बांधावरून चालताना घसरणारा, आणि शिव्या मात्र बैलांना देणारा. दर साली परसराम त्याची चाल करी आणि गाव हसून लोळे.

परसराम पाय ओढत निघाला. "काहून रे ढवळ्या, बांध मी घातला अन् घसरतो बी मीच? हसून राहिला का तू?"

कोणी हसलं नाही. आवाज कमी पडला असं वाटून त्याने तेच मोठ्याने म्हटलं, पाय अजून लांब घसरवला. पुढच्या रांगेतला एकजण मान खाली घालून तंबाखू मळू लागला.

"बाबू," बायकांमधून गोमाजीची बायको पार्वताबाई म्हणाली, "पोळ्याच्या पाडव्याले वारला तो."

ढोलकी थांबली. परसरामाने हात जोडले. मग सासू-जावयाचा किस्सा धरला, तो अर्ध्यात सुटला. हवालदाराचा धरला, त्याला जावयाचाच शेवट लागला. पलीकडे हशा उसळला तशा मागच्या रांगा उठल्या, मग मधल्या. नत्थूने खाली बसून घुंगरं सोडली.

"येतो, दादा," म्हणाला, आणि लुगड्याचा काष्टा सावरत तिकडे गेला.

परसराम तसाच उभा राहिला. पार्वताबाई जागची हलली नव्हती.

"तो आधी धोतर वर धरे, मंग घसरे," ती म्हणाली. "दर साली तू चुकतो."

त्याने धोतर वर धरलं. घसरला.

"आता?"

"हं. आता दे शिवी बैलाले."

त्याने दिली. पार्वताबाईने पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलले.

गंमत संपली तेव्हा समोर नऊ माणसं होती. हसलं एक.