पहिल्याच दातावर सगळ्यांचं बोट

मित्रांनो, कुडाळच्या एका दवाखान्यात दातांचे रंग जुळवणारी मी एक जुनी पट्टी आहे. शुभ्रापासून पिवळसरापर्यंतचे नकली दात माझ्यावर ओळीनं बसवलेले आहेत. दात एवढे, पण आजवर एक घास चावलेला नाही. दुपारी स्वप्ना डॉक्टरांच्या डब्यातून बांगड्याच्या तिखल्याचा वास आला की जीव कासावीस होतो.

मला ओठांशी धरून डॉक्टर माणसांच्या दातांचा रंग पाहतात. माणसांचं बोट मात्र थेट पहिल्या, सर्वांत पांढऱ्या दातावर. मोबाइलवर पाहून कोळसा घासलेले, लिंबू चोळलेले, सगळे त्याचेच गिऱ्हाईक. मधल्या दातांना कुणी विचारत नाही.

धनेशचं लग्न तोंडावर आलं, तेव्हा तो आचऱ्याहून आपल्या आईला, जानकीकाकींना, घेऊन आला. मशेरीनं काळवंडलेले दात काकींनी जन्मभर पदराआड ठेवले होते. मुलाच्या लग्नात तरी मोकळं हसायचं, एवढीच त्यांची आस.

"माका ह्यो पयलो व्हयो," काकी म्हणाल्या.

डॉक्टरांनी दातांवर हवेचा हलका झोत सोडला, तशा त्या कळवळल्या.

"काकी, दातांक काय लावलात?"

"सोलां घासलंय. सोलांनी पितळेची समई लखलखता, मगे दात कित्याक नाय?"

"नशीब, काथ्यान नाय घासलंस," धनेश म्हणाला.

"गप रे. पदरामागे हसान हसान माझी हयात गेली."

डॉक्टर हसल्या नाहीत. आंबट सोलांनी, म्हणजे आमसुलांनी, दाताचं कवच झिजतं, झिजलेलं पुन्हा उगवत नाही, आणि अशा दातांना पांढरं करायचं औषध लावलं तर कळ मस्तकात जाईल, हे त्यांनी समजावलं. सोलं आणि मशेरी आधी बंद. मग साफसफाई. पुढचं लग्नानंतर, तेही तपासून आणि हिरड्या जपून.

"लग्नाआधी पांढरे होवचे नाय. स्वच्छ होतले."

काकींचा चेहरा उतरला. तरी पुढच्या खेपेला आल्या. दातांचं आंबणं कमी झालं होतं. मशेरीचा थर निघाला आणि डॉक्टरांनी मला पुन्हा ओठांशी धरलं. माझ्या मधल्या, किंचित पिवळसर दाताशी रंग जुळला.

"ह्यो तुमचो रंग, काकी."

काकी आरशात बघतच राहिल्या. "इतकी वर्सां ह्यो खंय होतो?"

"मशेरीखाली," धनेश म्हणाला. "आणि त्येच्यार तुझो पदर."

काकींना हसू फुटलं. हात सवयीनं तोंडाकडे निघाला, पण वाटेतच वळून धनेशच्या पाठीत धपाटा घालून आला.

मित्रांनो, माझ्या पहिल्या दाताच्या नादी लागून आपले दात सोलू नका. काहीही चोळण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. तुमचा दात जेवतो, हसतो, थंड पाण्यानं शहारतो. माझा शुभ्र दात यातलं काहीच करत नाही.

एव्हाना आचऱ्यात लग्नाची पंगतही उठून गेली असेल. काकी फोटोत कशा हसल्या, हे अजून पाहायचं राहिलंय. दवाखान्याचं दार वाजलं की वाटतं, फोटो घेऊन धनेश आला असेल.